तिसऱ्या मजल्यावरचा अडीचशे

आमच्या कारखान्यात अंतर्गत दर बदलला की जुना दर तिसऱ्या मजल्यावर राहायला येतो. येताना बरोबर एक वळकटी आणतो. जुने दर विभागाची प्रमुख या नात्याने मी त्याला खाट दाखवते आणि कॅन्टीनची वेळ सांगते.

अंतर्गत दर म्हणजे घरातल्या घरातला भाव. आमची फाउंड्री पंपाची बॉडी ओतते आणि शेजारच्या शेडमधल्या पंप विभागाला देते. पैसे कुणी कुणाला देत नाही, पण दर लावला जातो आणि त्यावरून कोण नफ्यात, कोण तोट्यात, कुणाला किती बोनस हे ठरतं. दर बदलला तरी जुनी वर्षं जुन्या दराचीच राहतात. म्हणून त्याला आवारात सांभाळावं लागतं.

तो आवाराबाहेर गेला, तर त्याच्या वर्षांना आपोआप आजचा दर लागतो आणि त्या वर्षांच्या नफ्यातून जे झालं ते झालेलं नसतं. गेल्या पावसाळ्यात सव्वादोनशे रुपयांचा जुना दर भाचीच्या बारशाला गेला, तर त्याच्या वर्षात घातलेलं कॅन्टीनचं छप्पर तो परतेपर्यंत नव्हतं. लोक छत्र्या धरून जेवले आणि कुणालाच त्यात काही वेगळं वाटलं नाही. माझ्या एकटीच्या लक्षात राहिलं, कारण लक्षात ठेवणं ही माझ्या नोकरीची अट आहे.

यंदा रणदिवे साहेब वित्तप्रमुख म्हणून आले आणि त्यांनी नवी सिस्टिम आणली. त्यांनी मला खाली बोलावलं.

"या सिस्टिममध्ये दराला एकच जागा आहे," ते म्हणाले. "वरची मंडळी जागा सोडतील. सगळ्या वर्षांना आजचा एकशे नव्वद लावू."

"त्या दराने फाउंड्री पहिल्या दिवसापासून तोट्यात दिसेल, साहेब."

"दिसेल ते दिसेल. सुरुवात अडीचशेपासून करा."

माझं डोकं फिरलं. फाउंड्रीची जागा टेप लावून मोजणारी माणसं मी आदल्याच आठवड्यात खिडकीतून पाहिली होती. विकायला काढलेली जागा तोट्यातली असली की कुणी प्रश्न विचारत नाही, हे न कळायला मी काही कालची आलेली नाही.

नियमाप्रमाणे दराला बाहेर काढायला कारखान्याच्या नर्सचा 'जाण्यास योग्य' असा दाखला लागतो. आमची नर्स तहसीन मुजावर. तिचे वडील दस्तगीर मुजावर फाउंड्रीत भट्टीवर आहेत. तिच्या नर्सिंगची फी त्यांनी अडीचशेच्या वर्षातल्या बोनसमधून भरली होती. ती अडीचशेला आजोबा म्हणते आणि दर बुधवारी त्याचं ब्लडप्रेशर बघते.

आदेश हातात घेऊन ती वर आली, तेव्हा मुजावर आधीच येऊन खाटेच्या कडेला बसले होते.

"पोरी, सही करायची न्हाई," ते म्हणाले. "हा गेटाबाहेर गेला की तुझी फी भरलेलीच नसणार. मग तू नर्स कुठली?"

"मी नाही म्हटलं तर मला काढतील, अब्बा. दुसरी नर्स आणतील आणि ती सही करेल. तिची सही टिकेल."

"आणि तुझी?"

"आजोबा बाहेर गेले की मी नर्स नाही. नर्स नसलेल्या बाईची सही कशी टिकेल?"

 मुजावरांनी माझ्याकडे बोट केलं. "आणि या बाई इसरल्या तर?"

"त्या विसरत नाहीत. त्यांच्या नोकरीची अट आहे."

 तिने सही केली, शिक्का मारला, दाखला माझ्या हातात दिला आणि अडीचशेच्या स्वेटरची बटणं लावली.

"लांब जाऊ नका आजोबा. टपरीवर बसा."

"भजी खाल्ली तर चालंल न्हवं?" अडीचशेने विचारलं.

"नाही."

तहसीन आणि मी खिडकीत उभ्या राहिलो. अडीचशेने गेट ओलांडलं आणि मी खिडकीत एकटी होते.

ती मला फाउंड्रीत सापडली. ओतकामाच्या साच्यात बसवायचे वाळूचे गाभे करणाऱ्या बायकांच्या ओळीत, डोक्याला फडकं बांधून, कोपरापर्यंत काळी.

"तहसीन, तुला ब्लडप्रेशर बघता येतं?"

ती मोठ्याने हसली. "काय मॅडम, चेष्टा करताय व्हय आमची?"

शेजारच्या बायकाही हसल्या. पलीकडे भट्टीवर मुजावर आपलं काम करत होते, त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. तो राग घेऊनच मी साहेबांच्या केबिनमध्ये शिरले आणि दाखला टेबलावर आपटला.

"ही सही कुणाची?"

"नर्सची," साहेब म्हणाले.

"सही करणाऱ्या बाई फाउंड्रीत गाभे करतात. कारखान्यात नर्स आहे का, बघा."

त्यांनी नव्या सिस्टिममध्ये पाहिलं. नर्सची जागा रिकामी होती.

"मग हा दाखला दिला कुणी?"

"कुणीच नाही. म्हणजे अडीचशे नियमाने बाहेर गेलेलाच नाही. त्याला आत घ्यावं लागेल."

"उद्या बघू."

"उद्या नाही, आत्ता."

"तुम्हाला नोकरी प्यारी दिसत नाही."

"प्यारी आहे म्हणूनच आले."

ते फोनकडे वळले. मी परवानगीची वाट पाहिली नाही. टपरीवर अडीचशे भज्यांची बशी पुढ्यात घेऊन बसला होता. मी त्याचा हात धरला आणि त्याला गेटवर आणलं. वॉचमन काठी आडवी करून म्हणाला, "यांचा आत यायचा पास?"

"जो बाहेर गेलाच नाही त्याला आत यायला पास लागत नाही."

वॉचमनने विचार केला आणि काठी उचलली. अडीचशेने पाय आत टाकला, तशी दवाखान्यातून तहसीन पांढऱ्या कोटात मशीन घेऊन धावत आली.

"आजोबा, तोंडाला तेल कसलं?"

तिने तिथेच वॉचमनच्या खुर्चीत बसवून त्याचं ब्लडप्रेशर घेतलं. ते वाढलेलं होतं. पट्टा सोडताना तिचं लक्ष स्वतःच्या नखांकडे गेलं. त्यांत काळी वाळू होती.

"मॅडम, मी तिथे कशी होते?" तिने हळूच विचारलं.

"हसत होतीस," मी म्हटलं. "मला ओळखलंस, पण स्वतःला नाही."

तिने नखं कोटाला पुसली. ती साफ झाली नाहीत.

सोमवारी साहेबांचा दुसरा आदेश आला, पुन्हा अडीचशेलाच बाहेर काढायचा. तहसीन सहीला नकार देत नाही, त्यामुळे तिला कामावरून काढता येत नाही. मुजावर भट्टी सोडून वर आले आणि खाटेच्या कडेला बसले. खाटेवर अडीचशे स्वेटर घालून तयार बसला होता.

तहसीनने आदेश वाचला आणि माझ्याकडे हात पुढे केला.

"मॅडम," ती म्हणाली, "पेन द्या."