अण्णांना न चढलेली दारू

आमचे शेजारी मल्लिनाथअण्णा नमस्कार करण्याआधी समोरच्याच्या तोंडाचा वास घेतात. आमच्या गल्लीला याची सवय झाली आहे. पाहुणे मात्र दचकतात.

खोकल्याचं औषध घेतलेल्या माझ्या सासऱ्यांना त्यांनी दारातच अडवलं होतं. "कुटं जाऊन आलात? खरं सांगा की!" होमिओपॅथीच्या गोळ्या, जास्त पिकलेली द्राक्षं, आंबलेलं इडलीचं पीठ, सगळ्यांवर त्यांचा संशय. आणि माझा त्यांच्यावर. इतका नेमका वास ओळखणारा माणूस चोरून घेत असणारच, असं मी बायकोला पैजेवर सांगितलं होतं.

एका लग्नात पंगतीला शेजारी बसलो, तेव्हा विचारलंच, "अण्णा, तुम्ही कधी घेतली होती का?"

"एकदाच." ते हळूच म्हणाले. "चिंचोळीला कारखान्यात होतो तवा, पार्टीत. चार ग्लास झाले. बाकीचे आडवे, मला काय बी न्हाय. सगळे म्हणले, लई दम हाय गड्या तुझ्यात! मला घाम फुटला."

"का?"

"आमच्या वडलांना बी चढायची न्हाय. म्हणून थांबायचं कळलं न्हाय. पन्नाशी न्हाय गाठली त्यांनी."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी डॉक्टरांना गाठलं. दारू मेंदूला किती जाणवते, हे काही अंशी रक्तातूनच येतं, डॉक्टर म्हणाले. ज्याला कमी जाणवते, त्याला धोका जास्त. त्यानंतर अण्णांनी ग्लासाला हात लावला नाही. मी मुकाट्यानं पैज हरलो.

पण त्यांना खरी धास्ती होती गौरीची, एकुलत्या एक लेकीची. ती पुण्याला नोकरीला गेली आणि अण्णांची पंचाईत झाली. फोनवरून वास येत नाही.

परवा सकाळी ते चप्पल न घालताच आमच्याकडे आले.

"गौरीनं घेतली!"

"अण्णा, आधी बसा."

"ऐका की! ऑफिसच्या पार्टीत. बिअर, अर्धा ग्लास. अर्धाच! तोंड लालभडक, गरगरलं, दोनदा उलटी. आत्ता फोनवर रडत होती. म्हणली, अण्णा, परत न्हाय."

"तुम्ही रागावलात?"

"छे! लिंबूपाणी घे म्हणलं, झोप म्हणलं."

ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. बायकोनं पुढं केलेला चहा त्यांनी तसाच हातात धरून ठेवला.

"आईवर गेली पोरगी," अण्णा म्हणाले. "माझ्यावर न्हाय गेली."