एकेचाळीसावं घर

“आप्पा, यंदा वहीला हात लावायचा नाही! पालखीची यादी माझा प्रोग्राम करणार. अर्ध्या मिनिटात!”

मृणालीने हे सासऱ्यांना घरात सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तिने सांगितलं ते भर गावकीच्या बैठकीत, देवळात! रत्नागिरीच्या एका ऑफिसात तिची नोकरी, शनिवार-रविवार पायथॉन या कॉम्प्युटरच्या भाषेचा क्लास, आणि क्लास सुरू होऊन झाले होते मोजून तीन आठवडे.

शिमग्याला गावदेवीची पालखी घरोघरी जाते. कुठल्या घरी जायचं ती यादी तीस वर्षं आप्पांच्या वहीत. नियम साधे. बंद घरी पालखी जात नाही आणि सुतक असलेल्या घरीही जात नाही. पण आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. पालखी खांद्यावर घेणाऱ्यांचा म्होरक्या बाबल्या म्हणाला, “आप्पा, आता वही दुसऱ्या घराकडं द्या. यंत्राला देवीचा काय कळणार?”

आप्पांचा चेहरा उतरला. मग सुनेकडे बघत ते म्हणाले, “एक चूक झाली, तर वही तुझी, बाबल्या.”

एका चुकीवर वही जाईल, हे मृणालीच्या ध्यानीमनीही नव्हतं. पण बोलून बसली होती!

रविवारी तिने लॅपटॉप उघडला. एकेचाळीस घरं, प्रत्येकासमोर दोन रकाने: बंद आहे का, सुतक आहे का. पहिल्या फटक्यात बरोबरची (=) एकच खूण टाकली म्हणून पायथॉन रुसला. मग तिला आठवलं, एक खूण म्हणजे सांगणं आणि दोन म्हणजे विचारणं. दुसरी खूण टाकताच प्रोग्राम सुतासारखा सरळ झाला आणि तिची मान ताठ झाली.

“आप्पा, कोणाला वगळायचं?”

“बंद घर किंवा सुतकाचं घर. दोन्ही वगळ.”

आप्पांनी ‘किंवा’ म्हटलं, म्हणून तिने ‘ऑर’ घातला. बंद नसेल, ऑर सुतक नसेल, त्याला घ्या. यादी आली, मेसेज गेले: ‘शुक्रवार-शनिवारी आपल्या घरी देवीची पालखी येत आहे. घर उघडं ठेवावं.’ यादीवर नजर टाकायची? छे! कॉम्प्युटरचं काम तपासायला ती काय बाबल्या होती?

पहिला फोन खालच्या आळीतल्या कमळाकाकूंचा.

“गो मृणाली, आमचे भावोजी जाऊन चारच दिवस झाले. सुतक हाय ना? मग देवी कशी येतेय?”

ती काही बोलणार तोच विरारहून संदेश. हा बाबल्याचा सख्खा भाऊ, सात वर्षं गावाकडे न फिरकलेला.

“वहिनी! सात वर्षं घराला कुलूप, तरी देवीनं आठवण काढली! आम्ही निघालो. आईच्या डोळ्यांत पाणी आलंय!”

“अहो, संदेशभावोजी, ऐका तरी...”

“कुलूप गंजलं असेल, जरा तेल घालायला सांगा!” आणि फोन बंद.

मग दहिसर, मग दिवा, मग कल्याण. दुपारपर्यंत तेरा कुलपांना तेल घालायचा निरोप आला! मृणालीने यादी उघडली. एकेचाळीसपैकी चाळीस घरं! कमळाकाकूंकडे सुतक आहे, पण घर बंद नाही, म्हणून घेतलं. संदेशचं घर बंद आहे, पण सुतक नाही, म्हणून घेतलं. दोन्हींतली एक अट बसली की घर आत! ‘अँड’ हवा होता तिथे ‘ऑर’!

रडवेली होऊन तिने आप्पांना सगळं सांगितलं. “वही गेली, आप्पा. माझ्यामुळे गेली.”

आप्पांनी वहीच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला. “वहीचा नंतर बघू. देवीनं बोलावलं म्हणून निघालेल्या माणसाला ‘परत जा’ मी नाय सांगायचो.”

खालच्या आळीत सुतक असलेली दोन घरं उघडी होती. तिथे मात्र मृणाली स्वतः चालत गेली, कान धरून माफी मागायला. कमळाकाकू तिचा हात सोडीनात. “असू दे गो. शिमग्याच्या गडबडीत चार दिवस कोण फिरकला नाय. तुझ्या चुकीनं तू तरी आलीस.” दोघी रडल्या आणि मृणालीला फार बरं वाटलं.

शुक्रवारी गावात तेरा कुलपं उघडली. पंचवीस घरांची पालखी अडतीस घरांची झाली! कोळिष्टकं काढता काढता माणसं शिंकत होती आणि शिंकता शिंकता हसत होती. शनिवारी शेवटच्या चढणीला बाबल्याचा खांदा टम्म सुजला. “कुठल्या मशीनीनं वाढवली ही घरं?” तो करवादला. वर पोचला, तर समोर संदेशचं अंगण सारवलेलं आणि म्हातारी आई ओटी घेऊन उभी!

बाबल्याने पालखी टेकवली आणि भावाच्या गळ्यात पडून सगळ्यांदेखत हुंदके दिले. नाक पुसत तो आप्पांना म्हणाला, “वही ऱ्हावदे तुमच्याच घरात. सुनेकडंच द्या. चुकली तरी चालंल.”

मृणालीचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच फोन वाजला. नालासोपाऱ्याहून अनिल, कमळाकाकूंचा पुतण्या.

“वहिनी, चाळीस घरांना मेसेज आणि आमालाच नाय? आमी काय गावाबाहेरचे?”

“भावोजी, तुमचं घर बंद, त्यात सुतक...”

“ता मला म्हायत हाय! पण बोलवायचा तरी!”

मृणालीने कपाळाला हात लावला. वगळायच्या सोळा घरांपैकी तिच्या प्रोग्रामने एकच घर बरोबर वगळलं होतं, आणि भांडायला फोन आला तो नेमका त्याच घरातून!