ओळख पटली

"तुमची फार आठवण येतेय. परत कधी येताय?" बायकोच्या मोबाइलवर ही मेल दिसली आणि शेजारी चहा पीत बसलेल्या नवऱ्याला ठसकाच लागला. घरात तीन दिवस अबोला. त्याने सपशेल माफीची मेल पाठवली, तिला पोचसुद्धा नाही. आणि ह्या कोणा उपटसुंभाची मेल बाईसाहेब गालातल्या गालात हसत वाचतात!

हा गडी ऑफिसात मेलचाच कारभार सांभाळणारा. दुसऱ्याचं नाव लावून येणारी खोटी पत्रं पकडण्यात त्याचा हातखंडा. बायको आंघोळीला गेल्याबरोबर त्याने ती मेल उलटीपालटी केली. पाठवणारं गाद्यांचं दुकान! डिजिटल सही अस्सल, ज्या सर्व्हरवरून आली त्याला दुकानाची परवानगी, पत्ता जुळतोय. बोट ठेवायला जागा नाही.

"मेल्याचे कागद बघा कसे चोख!" तो चरफडला. कागद फक्त पाठवणारा कोण ते सांगतात, त्याच्या पोटात काय आहे ते नाही, हे त्याला पुरतं ठाऊक. पण जळफळाट काही ऐकतो का?

स्वतःची माफी कुठे, तर स्पॅममध्ये. टकलावरच्या तेलाच्या जाहिरातीखाली! हौसेने घेतलेल्या स्वतःच्या मेलच्या पत्त्याला त्याने डिजिटल सहीच बसवली नव्हती. जगाची राखण करणारा घरात बेवारस.

सुट्टीचा अख्खा दिवस घालून त्याने सही बसवली, परवानगी नोंदवली. दर खेपेला बायकोला एक चाचणीची मेल. चौदावी इनबॉक्समध्ये पोचली तेव्हा लगेच माफी धाडली. ती पुन्हा स्पॅममध्ये!

"अगं, त्या गादीवाल्याच्या गोड बोलण्याला हसतेस आणि मला कचऱ्यात टाकतेस?"

"अगंबाई! माझा मोबाइल बघितलात? आणि गादीवाल्यावर जळताय?"

"विषय बदलू नकोस. मी सही केली होती!"

"तेच ना. आधीच्या तेरा मेल्सवर सूचना होती, पाठवणाऱ्याची ओळख पटत नाही. म्हटलं, तुम्हा बिचाऱ्याच्या नावाने कुणी टवाळ लिहीत असेल. चौदावीवर आलं, ओळख पटली. तुम्हीच आहात म्हटल्यावर मी कशाला मागेपुढे बघू? दाबलं स्पॅमचं बटण, पुढच्या सगळ्या थेट कचऱ्यात."

"पण पंधरावी माफीची होती गं!"

"हो? मग मी समोरच बसलेय."

त्याने घसा खाकरला आणि तोंडीच माफी मागितली. ती पोचली. गादीवाला मात्र अजून इनबॉक्समध्येच आहे.