नमस्कार करणारी गाठ

दुखत नाही त्याचा त्रास नाही, हे तत्त्व जगाने फार पूर्वीच मान्य केले आहे. फाटकवाल्या अण्णांनी त्याच तत्त्वावर कारखान्याच्या फाटकावर एकतीस वर्षे काढली. नमस्कार करील त्याला आत सोडायचे, आवाज चढवील त्याला अडवायचे. (या काळात आवाज चढवणारे दोनशे चौदा इसम अडवले गेले; त्यांत कारखान्याचे मालक दोनदा होते. चोऱ्या झाल्या त्या सगळ्या नमस्कार करणाऱ्यांनी केल्या.)

निवृत्तीनंतर अण्णांच्या कानाखाली एक गाठ आली. दुखत नव्हती. अण्णांनी तिला आत सोडले.

आठ महिन्यांनी सुनेने त्यांना ओढतच दवाखान्यात नेले. गाठीचा तुकडा तपासल्याचा अहवाल आला, तो वाचून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, हा कॅन्सर आहे. पेशीनं गरजेपुरतंच वाढायचं, आपल्या जागी राहायचं आणि वेळ झाली की गुमान मरायचं असतं. ही काहीच पाळत नाही."

"मग आतले पहारेकरी काय झोपा काढतात?"

"जागे असतात हो. पण ही त्यांना घरचा बिल्ला दाखवते. ते सोडतात."

अण्णा खाली बघू लागले. धंद्यातली चूक होती, लगेच कळली.

पुढचा तपशील मात्र आदर वाटावा असा होता. ही पेशी अहोरात्र स्वतःच्या प्रती काढते, विनाअर्ज रक्ताची नवी नळजोडणी मिळवते, शेजाऱ्याच्या तोंडचा घास पळवते आणि सवड मिळताच रक्तातून प्रवास करून फुप्फुसात, यकृतात, हाडांत शाखा उघडते. (एवढी धडाडी दाखवणाऱ्या एकाला कारखान्याने संचालक केले होते. त्यानंतर तिसऱ्या वर्षी कारखाना बंद पडला.)

"म्हणजे मी गेलो की सगळं तिचंच?"

"छे. तुम्ही गेलात की तीही जाते. तेवढं तिला कळत नाही."

"हां, म्हणजे अगदी आमचे संचालक!"

"शाखा अजून उघडलेली नाही. परवाच गाठ काढून टाकू."

"एवढी घाई कशाला? दुखत तर नाही." अण्णा उठलेच.

सून दारात आडवी उभी राहिली. "अण्णा, आज फाटकावर मी आहे. सही केल्याशिवाय बाहेर सोडणार नाही."

अण्णांनी नमस्कार करून पाहिला. चालला नाही. सही झाली, गाठ निघाली.

आता अण्णा ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला अडवतात, "न दुखणारं काही आहे का?" सगळे नाही म्हणतात, नमस्कार करतात आणि पुढे जातात.

हे वाचताना तुमचा हात आत्ता जिथे गेला, तिथेही दुखत नसेलच. नमस्कार.