नागाची शिफारस

एका जंगलात, बाळांनो, सगळं काही होतं. झाडं होती, ओढा होता, भांडणं होती. नव्हतं ते फक्त विद्यापीठ. ते डोंगरापलीकडच्या तळ्यात होतं आणि कासवं ते चालवायची.

या जंगलात झिपरू नावाचं एक मुंगूस राहायचं. साप मारण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. शेपटी फुगवायची, डावीकडे हूल द्यायची, उजवीकडून मान पकडायची. झालं! त्याचा बाप हेच करायचा, आजाही हेच करायचा.

पण एक दिवस झिपरूच्या डोक्यात किडा वळवळला.

"आई, मला सर्पविद्येत उच्च पदवी घ्यायचीय."

आई उंदीर सोलत होती. "मेल्या, साप तर तू रोज मारतोस. त्यात शिकायचं काय राहिलंय?"

"मारता येतो गं. पण तो का मारता येतो, ते कुठं माहितीय?"

आईने सोललेला उंदीर त्याच्यापुढे सरकवला. "खा आधी. मग सुचेल."

झिपरूने अर्ज केलाच. तळ्याहून पोपट आला. कासवांचा सगळा कारभार पोपटावर चालायचा. त्याला सांगाल ते तो जसंच्या तसं म्हणून दाखवायचा आणि मध्ये स्वतःचं डोकं घालायचा नाही.

"अर्ज पोचला," पोपट म्हणाला. "आता शिफारस हवी. तुमचं काम ज्यानं अगदी जवळून पाहिलंय, अशा कुणाची तरी. आई-मावशी चालणार नाही."

झिपरू विचारात पडला. त्याचं काम अगदी जवळून पाहिलेले पुष्कळ होते. पण त्यातलं कुणी हयात नव्हतं.

शेवटी त्याला दादासाहेब नाग आठवले. दादासाहेब एकदा त्याच्या तावडीतून निसटले होते. शेपटीचं टोक तेवढं मागे राहिलं होतं. झिपरू दबकत दबकत त्यांच्या बिळाशी गेला आणि त्याने आपली अडचण सांगितली.

"देतो की शिफारस," दादासाहेब म्हणाले. "तुझ्या कामाबद्दल मला आदरच आहे. थंडीत अजून ठणकतं. फक्त निकाल लागेपर्यंत मला हात लावायचा नाही. शिफारस करणाऱ्याशी कसं वागावं, हे तुला वेगळं सांगायला नको."

झिपरूने मान डोलावली. दादासाहेबांनी पोपटासमोर फणा काढला आणि ते म्हणाले, "मुलगा चपळ आहे. दात उत्तम आहेत. मी स्वतः अनुभव घेतलेला आहे." पोपटाने ते पाठ केलं आणि तो उडाला.

मग वाट पाहणं सुरू झालं.

तुम्हाला वाटेल, वाट काय, बसून पाहता येते. झिपरूला ती धावत पाहावी लागायची. झाडावर हिरवं काही हललं की हा धावलाच. बहुतेक वेळा ते पान निघायचं. त्याची भूक गेली. शेपटीचे केस गळायला लागले.

आसपासच्या रानांतल्या आणखी काही मुंगसांनीही अर्ज केले होते. ती सगळी संध्याकाळी एका वारुळापाशी जमायची आणि न आलेल्या पोपटाचा अर्थ लावायची.

"सकाळी आला तर होकार, दुपारी आला तर नकार."

"छे, छे! वाळक्या फांदीवर बसला तर नकार."

"माझ्या मामेभावाच्या शेजाऱ्याला कळलंसुद्धा म्हणे."

हे ऐकून झिपरू ठरवायचा, उद्यापासून इथं यायचं नाही. तरी दुसऱ्या संध्याकाळी सगळ्यांच्या आधी तोच हजर.

आता मुंगूस दिसणं म्हणजे शुभ. पूर्वी जो तो त्याला हाक मारायचा, "मुंगसा, मुंगसा, तोंड दाखव!" पण आता त्याने तोंड दाखवलं की पहिला प्रश्न यायचा, "काय झालं रे निकालाचं?" ससा विचारायचा, सांबर विचारायचं. ज्याने जन्मात चिखलाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, ते डुक्करही विचारायचं, "अजून नाही? मग अवघडच दिसतंय." झिपरू तोंड लपवून झुडपांमागून ये-जा करू लागला.

दादासाहेब मात्र मजेत होते. ते भरदिवसा झिपरूच्या दारावरून डुलत डुलत जायचे. लाव्याचं घरटं रिकामं झालं. तितराची पिल्लं गेली. सगळे झिपरूकडे तक्रार घेऊन आले.

"निकाल लागू द्या," झिपरू म्हणायचा. त्याला स्वतःची लाज वाटायची. पण पदवी लाजेपेक्षा मोठी वाटायची.

एका सकाळी टिटवीमावशी किंचाळत आली. ओढ्याकाठच्या गोट्यांत तिची अंडी होती आणि आतून चोची टकटकू लागल्या होत्या.

"झिपरू, अरे, आला तो नाग!"

"मावशी, थोडी कळ काढ. कासवांची बैठक बसलीय म्हणतात."

"माझी पोरं बाहेर यायला निघालीत रे. ती काय बैठक उठेपर्यंत थांबणारेत?"

झिपरू ओढ्यावर गेला. नुसतं बघायला जातोय, असं त्याने स्वतःला सांगितलं. दादासाहेब अंड्यांवर वाकले होते.

"ये, ये. काही कळलं का?"

"नाही अजून."

"कळेल, कळेल. मी तुझ्याबद्दल फार चांगलं बोललोय हं," असं म्हणून त्यांनी जबडा उघडला. अंड्याला तडा गेला होता. आतून बारीक आवाज आला.

झिपरूची शेपटी फुगली. त्याने फुगवली नाही, तिची तीच फुगली. डावीकडे हूल, उजवीकडून मान. झालं!

सगळं जंगल ओढ्यावर लोटलं. झिपरूला कडकडून भूक लागली. गेल्या कित्येक महिन्यांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात पोपट आला. तो कुठल्या फांदीवर बसला, हे पाहायचं झिपरूला भानच राहिलं नाही.

"अभिनंदन," पोपट म्हणाला. "तुमची निवड झाली."

काय तो जल्लोष! आईने डोळे पुसले. डुक्कर म्हणालं, "मी म्हटलंच होतं."

"आता एवढंच राहिलं," पोपट पुढे म्हणाला. "या उमेदवाराला साप मारता येतो, असं शिफारस करणाऱ्याने एकदा प्रत्यक्ष म्हणायचं. कुठं आहेत दादासाहेब?"

सगळ्यांनी खाली पाहिलं.

"हे काय, इथं पडलेत," आई म्हणाली.

पोपटाने मान वाकडी करून नीट पाहिलं. "हे काही बोलत नाहीत."

"अरे बाबा, बोलत नाहीत हेच तर! साप मारता येणं म्हणजे दुसरं काय असतं?"

"ते ठरवणं माझं काम नाही, बाई. मी फक्त म्हणून दाखवतो. कुणी म्हटलंच नाही, ते मी काय म्हणून दाखवू?" पोपटाने पंख झटकले. "पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा. शिफारस मात्र नवी लागेल."

आणि तो उडून गेला.

झिपरू मटकन खाली बसला. टिटवीने आपलं ओलं पिल्लू त्याच्यापुढे उभं केलं. "बघ तरी," ती म्हणाली. झिपरूने पाहिलं. पिल्लू छानच होतं. त्याला रडू आलं, पण ते आनंदाचं नव्हतं.

पुढे काही दिवसांनी ओढ्याकाठी एक तरणाबांड नाग आला. पाखरांनी एकच कल्लोळ केला. झिपरू धावत आला. त्याची शेपटी फुगली, दात शिवशिवले. सगळे बाजूला सरले.

झिपरूने शेपटी खाली घेतली आणि पुढचे पाय जोडले.

"नमस्कार, सर," तो म्हणाला. "तुम्हाला अगदी थोडंसं चावू का? शिफारशीपुरतं?"

तात्पर्य : आपले काम चोख करावे, मात्र ज्याच्यावर केले, त्याला निकाल लागेपर्यंत जिवंत ठेवावे.