पहिल्या पिस्तुलाची मदत समिती

माणसाने पहिलं पिस्तूल एकट्याने घेऊ नये. कायदा घेऊ देतो, रीत देत नाही. लग्न परस्पर ठरवलं तर गाव चार दिवस बोलतं आणि विसरून जातं. पण पिस्तूल परस्पर घेतलं, तर ‘मला एका शब्दाने विचारलं नाहीस’ म्हणणारे किमान तीन मित्र जन्माचे तुटतात. म्हणून ओक्लाहोमातल्या प्रुएट क्रीक गावात पहिल्या खरेदीला सोबत जाण्याचं काम गेली बावीस वर्षं व्हर्ना टॅकेट सांभाळत होती, तेही बिनपगारी.

व्हर्ना चौसष्ट वर्षांची. शाळेच्या खानावळीत तीस वर्षं पोरांना वाढून निवृत्त झालेली. आजवर अडतीस जणांची पहिली खरेदी तिच्या हातून पार पडली होती आणि त्यांतल्या एकालाही इजा झाली नव्हती (पायाचा अंगठा इजेत धरायचा नाही, असं आधीच ठरलेलं आहे). गावाची वस्ती आठशे बारा. पिस्तुलं आणि बंदुका मिळून अंदाजे एकोणतीसशे. अंदाजे म्हणायचं, कारण पाद्रीबुवांना त्यांचा आकडा विचारणं असभ्य समजतात आणि ते आपण होऊन सांगत नाहीत.

या भरभराटीला एकच गालबोट होतं, आणि ते म्हणजे व्हर्नाची जिवाभावाची मैत्रीण जॉयलीन बस्कर्क. वय सहासष्ट, पियानोच्या शिकवण्या घेणारी. नवरा हॅरिस जाऊन दोन वर्षं झाली होती आणि त्याच्या बंदुका मुलगा टल्सा शहरात आपल्या घरी घेऊन गेला होता. घरात शस्त्र म्हणावं असं काही उरलंच असेल, तर ती शिकवणीची लाकडी पट्टी. अकरा वर्षं व्हर्ना तिच्यामागे लागली होती. दर वाढदिवसाला पिस्तुलांचं नवं माहितीपत्रक रिबीन बांधून द्यायची. जॉयलीन दर वेळी आभार मानून ते पियानोच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवायची.

आणि एका बुधवारी, गावच्या खानावळीत, पीच कॉबलर या गोड पदार्थाचा दुसरा घास घेता घेता जॉयलीन म्हणाली, “व्हर्ना, मला एक पिस्तूल घ्यायचंय.”

स्वयंपाकी झारा हातात तसाच धरून बाहेर आला. मग व्हर्नाने रुमालाने डोळे टिपले आणि सगळे एकदम बोलायला लागले.

पुढच्या चौदा मिनिटांत अकरा सल्ले मिळाले. लहान घे, पर्समध्ये मावेल. मोठं घे, लहान फार झटका देतं. जड घे. हलकं घे, जड असलं की माणूस घरी ठेवून जातो. जांभळं मुळीच घेऊ नकोस. जांभळंच घे, चोर हसेल आणि तेवढ्यात तुला वेळ मिळेल. व्हर्नाचा दीर रस्क टॅकेट याने स्वतःचं काढून टेबलावर ठेवलं आणि त्याच्यासारखंच घ्यावं, असं सांगितलं. आणखी तिघांनी आपापली काढली. कॉबलरच्या बश्या ठेवायला जागा उरली नाही. या सगळ्यात जॉयलीनला पिस्तूल का हवंय, हा प्रश्न कोणी काढला नाही. प्रुएट क्रीकमध्ये तो प्रश्न, तुम्ही श्वास का घेता, या प्रश्नाच्या शेजारी ठेवलेला आहे.

शनिवारी सकाळी समिती डेल्मर फाइकच्या दुकानात दाखल झाली. समितीत व्हर्ना, सल्लागार म्हणून रस्क (त्याला कोणी बोलावलं नव्हतं), आणि जिच्यासाठी समिती नेमली ती जॉयलीन. डेल्मरच्या दुकानात मासे पकडायचे गळ, वाढदिवसाची शुभेच्छापत्रं आणि पिस्तुलं एकाच काउंटरवर मिळतात, त्यामुळे माणसाची फेरी वाया जात नाही. डेल्मर लहानपणी जॉयलीनकडे पियानो शिकायला होता, आणि पन्नाशी उलटली तरी तिच्यासमोर पाठ ताठ करूनच उभा राहायचा.

“बाई, हे पाहा. हातात धरून पाहा.”

“डेल्मर, नखं.”

डेल्मरने हात पाठीमागे लपवले.

सतरा पिस्तुलं काउंटरवर आली. जॉयलीन एकेकाचा खटका ओढून कानाशी न्यायची आणि बाजूला ठेवायची. “हे बेसूर आहे,” ती म्हणायची. रस्कने नळीची लांबी, गोळीचा वेग आणि अस्वलाची कातडी यांवर पाऊण तास माहिती दिली. (प्रुएट क्रीकमध्ये शेवटचं अस्वल कोणी पाहिलं, याबद्दल दुमत आहे, दोन्ही मतं रस्कचीच आहेत.) शेवटी एका जुन्या रिव्हॉल्व्हरचा खटका ऐकून जॉयलीनचा चेहरा उजळला. “काळी तीन. अगदी स्वच्छ.” व्हर्नाने टाळी वाजवली. एकोणचाळिसावी खरेदी!

आता उरला फक्त सरकारी अर्ज. या अर्जाचं कौतुक करावं तेवढं थोडंच. तुम्ही फरारी आहात का, असं तो आडपडदा न ठेवता विचारतो आणि उत्तरासाठी ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन चौकोन देतो. फरारी माणसाची गैरसोय होऊ नये म्हणून पेनही दुकानाकडून मिळतं. व्हर्नाच्या अनुभवाप्रमाणे अर्ज भरायला लागतात नऊ मिनिटं, आणि त्यांतली चार चष्मा शोधण्यात जातात.

जॉयलीन पहिल्याच प्रश्नावर अडकली. ही वस्तू तुम्ही स्वतःसाठी घेत आहात का?

“डेल्मर,” तिने विचारलं, “इथे खरं उत्तर हवंय, की नुसतं उत्तर?”

“खरं, बाई. खोटं लिहिलं तर तुरुंग आहे.”

“मग माझं उत्तर ‘नाही’ आहे.” आणि तिने त्या चौकोनात नीट फुली मारली.

डेल्मरच्या तोंडचं पाणी पळालं. “बाई, असं करू नका. मी मान वळवतो. तुम्ही नवा अर्ज घ्या, आणि...”

“चौथीत असताना सराव न करता ‘केला’ म्हणायचास, तेव्हा मी काय सांगायचे?”

डेल्मरने निमूटपणे रिव्हॉल्व्हर पेटीत ठेवलं आणि कुलूप लावलं. “मग कोणासाठी घेताय?” त्याने विचारलं. विचारणं त्याला भागच होतं.

“व्हर्नासाठी.”

दुकानातली सगळी डोकी व्हर्नाकडे वळली. दुसऱ्याच्या नावावर पिस्तूल घ्यायला लावणं हा त्या देशात भलताच गंभीर गुन्हा आहे, आणि तो मासे पकडायच्या गळांसमोर, भरदिवसा, शाळेच्या निवृत्त वाढपीणबाईंनी केल्याचं दिसत होतं. रस्कने खाकरून म्हटलं, “वहिनी, आठवं हवं होतं तर मला सांगायचं ना.”

“तू गप्प बस!” व्हर्ना ओरडली आणि जॉयलीनला दंडाला धरून बाहेर घेऊन आली.

दोघी ट्रकमध्ये बसून घराकडे निघाल्या.

“अगं, माझं नाव कशाला घातलंस त्यात?” व्हर्नाने विचारलं. “बावीस वर्षांत माझ्याकडे कोणी बोट दाखवलं नव्हतं.”

“खोटं कसं लिहू? तुझ्यासाठीच घेत होते.”

“माझ्याकडे सात आहेत, बये!”

“म्हणूनच तर.” जॉयलीनने पर्स मांडीवर सरळ केली. “दर शनिवारी तुम्ही चौदा जणी नेमबाजीला जाता. तिथून कॉबलर खायला. मला कोणी बोलावत नाही.”

“तुझ्याकडे पिस्तूल नाही ना, म्हणून...”

“हो. म्हणून घ्यायला निघाले होते.” ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “हॅरिस गेल्यापासून सहा वार मी कसेबसे ढकलते, व्हर्ना. शनिवारी शिकवणी नसते. शनिवार सरता सरत नाही.”

“मग नुसती यायचंस!”

“अकरा वर्षांत तू मला कितीदा पिस्तूल घे म्हणालीस? आणि नुसती ये, असं कितीदा म्हणालीस?”

ज्या रस्त्यावर व्हर्ना तीस वर्षं गाडी चालवत होती, त्या रस्त्यावरचं स्वतःच्या घराचं वळण ती त्या दिवशी चुकली. पुढे जाऊन तिने ट्रक कडेला लावला आणि पुष्कळ वेळ नाक शिंकरलं.

पुढच्या शनिवारी जॉयलीन घडीची खुर्ची आणि गोड चहाचा थर्मास घेऊन नेमबाजीच्या मैदानावर हजर झाली. लगेच नियमाचा पेच पडला. मैदानाच्या नियमावलीत सभासदांचे सहा प्रकार होते. निःशस्त्र माणसाचा प्रकार नव्हता, कारण असा माणूस येईल हे लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तातडीची सभा झाली. व्हर्नाने ठराव मांडला आणि एकमताने जॉयलीनला ‘निरीक्षक’ ठरवण्यात आलं.

निरीक्षकाने वीस मिनिटं निरीक्षण केलं. मग तिला राहवेना.

“थांबा! सगळ्याजणी खाली ठेवा!”

चौदा सशस्त्र बायकांनी चौदा पिस्तुलं तत्काळ खाली ठेवली. त्यांतल्या नऊ जणी तिच्याकडे पियानो शिकल्या होत्या, आणि उरलेल्या पाचजणींना ती पट्टी ऐकून तरी माहीत होती.

“हा काय प्रकार आहे? ही आत्ता उडवतेय, ती मग उडवतेय. ताल म्हणून काही आहे की नाही? पाठी सरळ करा. मी चार मोजेन. चौथ्यावर. घाई कोणी केली तर पुन्हा पहिल्यापासून.”

आज जॉयलीन बस्कर्क त्या मैदानाची प्रमुख आहे. गळ्यात शिट्टी असते. शनिवार तिला पुरत नाही, म्हणून मंगळवारीही वर्ग भरतो. बायकांचा नेम काही सुधारलेला नाही. पण आता सगळ्या एकाच वेळी चुकतात, त्यामुळे कोणालाच वाईट वाटत नाही. पिस्तूल तिने घेतलेलं नाही. एवढ्या जणी आपलं ऐकत असताना वेगळं कशाला, असं तिचं म्हणणं आहे.

व्हर्नाचा आकडा मात्र अडतीसवरच थांबला. मदत मागायला आलेल्याला ती हल्ली आधी बसवते, चहा देते आणि ‘काय झालंय?’ असं विचारते. याचे परिणाम व्यापाराला मारक ठरले आहेत. गेल्या वर्षी आलेल्या पाचांपैकी दोघं पिना पाडायच्या बोलिंगच्या संघात गेले, एकाने भावाशी अबोला सोडला, एकीने लग्न केलं आणि पाचवा अजून रोज चहाला येतो. डेल्मरने तिच्याविरुद्ध व्यापारी मंडळाकडे तक्रार नोंदवली आहे; चौकशी चालू आहे.

सदर हकीकत वाचून ज्यांना प्रुएट क्रीकच्या लोकांचं हसू आलं असेल, त्यांनी हसणं पूर्ण करावं आणि मग आपल्याच घरातून एक फेरी मारावी. चार माणसांनी आपल्याला ‘चल’ म्हणावं एवढ्यासाठी विकत घेतलेल्या, आणि आता कपडे वाळत घालायला किंवा धूळ साठवायला वापरात असलेल्या वस्तूंची यादी करावी. अक्षर सुवाच्य असावं. जागा अपुरी पडल्यास वेगळा कागद जोडावा.