बघून बोला, पावणं

आमच्या भूपालआण्णांच्या बांधावर शेतीचा सल्ला द्यायला कुणी आलं, की आण्णा त्याच्या तोंडाकडं बघतच नाहीत. पायांकडं बघतात. पायांत बूट दिसले की म्हणतात, "काढा की पावणं. बांधावरनं रान दिसत न्हाय."

शिरोळकडच्या आमच्या गावात मी शाळामास्तर, आणि आण्णांचं रान माझ्या रानाला लागून आहे. जेमतेम एकरभर, पण सल्लागारांचा राबता मोठा. खताच्या कंपनीचा येतो, औषधाचा येतो, कारखान्याचा येतो. जो सरीत उतरेल त्याला गूळ, शेंगा आणि ताक. जो उतरणार नाही त्याला नुसतं पाणी. एकानं बांधावरच आण्णांच्या हातात बियाण्याची पिशवी देऊन फोटोसाठी 'हसा' म्हटलं. आण्णा म्हणाले, "आदी उगवू तर दे. मग हसतो."

पुढं आण्णांनाच एक कल्पना सुचली. पुराचं पाणी आडवं घुसतं आणि ऊस लोळवतं. मग सऱ्याच पाण्याच्या वाटेनं पाडल्या तर? पाणी उसातून सरळ निघून जाईल. आण्णा पुराला रस्ता करून देतोय म्हणून गावानं एकमेकांना टाळ्या दिल्या. आलेल्या सल्लागारांपैकी कुणी 'छान' म्हणे, कुणी 'असं शास्त्रात नाही' म्हणे. आण्णांचं उत्तर दोघांनाही एकच, "बघून बोला. चुकलं म्हना, पर बघून म्हना."

एका संस्थेच्या मॅडम तेवढ्या बघून बोलल्या. आण्णांनी सांगायच्या आतच त्या चपला काढून चिखलात उतरल्या आणि म्हणाल्या, "आण्णा, असं करावं हे तुम्हाला का वाटलं?" हा प्रश्न आण्णांना उभ्या जन्मात कुणी विचारला नव्हता. ते जे बोलत सुटले, ते थांबेचनात. दिवस बुडायच्या आत जेवणारा हा जैन माणूस त्या दिवशी उपाशी झोपला, आणि तरी खुशीत होता. जाताना मॅडम म्हणाल्या, "पावसाळा झाला की तोडणीच्या आधी मी येते. मग बघू, जमलं की चुकलं."

पाणी आलं आणि गेलं. माझा ऊस लोळला, आण्णांचा बराचसा उभा राहिला. तो सऱ्यांमुळं की नशिबामुळं, हे सांगायला जाणतं माणूस हवं होतं. मॅडमचा प्रकल्प तोवर संपला होता आणि त्यांची बदली झाली होती. मी संस्थेत फोन केला, तर आता शेळ्यांचा प्रकल्प चालू आहे, शेळ्या असतील तर सांगा, असं उत्तर मिळालं.

मग तोडणीची टोळी आली. रान मोकळं झालं आणि मधोमध उसाची एक सरी तशीच उभी राहिली. टोळीचा मुकादम कावला, पण आण्णा ढिम्म.

मी बांधावरून ओरडलो, "आण्णा, मॅडम न्हाय यायच्या आता. वाळून चिपाड हुईल की त्या उसाचं!"

"म्हाईत हाय की," आण्णा म्हणाले. "पर समदाच तोडला, आन कोन आलंच, तर दावू काय?"

सरीच्या तोंडाशी त्यांनी बसायला पोतं अंथरलं होतं. शेजारी दुसरं पोतं होतं, रिकामं.

मी बूट काढले आणि सरीत उतरलो. आण्णा माझ्या पायांकडं बघत राहिले.

"आण्णा, असं करावं हे तुमास्नी का वाटलं?" मी विचारलं.

"मास्तर हाईस तू. तुला काय कळतंय ह्यातलं?" आण्णा म्हणाले. मग त्यांनी दुसऱ्या पोत्यावरचा पाला हातानं झाडला. "बस. पयल्यापासनं सांगतो."